गौरीच्या कोपऱ्यातलं पाणकणीस

पाणकणीस फुटायच्या आत कापावं लागतं. त्याचं ते तपकिरी, मखमली कणीस हाताला घट्ट लागतं तोवर ठीक. एकदा सैल पडलं की नुसता धक्का लागला तरी त्याचा कापूस उडतो, आणि त्या कापसाच्या धाग्याधाग्याला बी असतं. म्हणून दरवर्षी पाऊस सरत आला की मी खाली ओढ्याकडच्या खड्ड्यावर जाते, साडी खोचून पाण्यात उतरते, कणसं कापते, खताच्या रिकाम्या पोत्यात भरते आणि घरी आणून पाणी तापवायच्या चुलीत घालते. आमचं गाव हातकणंगल्याच्या बाजूचं, सगळं उसाचं. खड्ड्याच्या पाण्यात उभी असलेली बाई बघून उसाला पाणी पाजणारे हाक मारतात, "काकू, औंदा किती टन निघणार?" मी हात हलवते आणि कापत राहते.

तो खड्डा म्हणजे माझ्या थोरल्या जावेचं शेत होतं. ते शेत कसं गेलं, त्यात माझा वाटा किती, हे मी नवऱ्याला कधी धड सांगितलेलं नाही. बोलायची सवयच नाही मला. घरात सगळे म्हणतात, ही फार शांत आहे. ती शांतता नव्हे, हे मला माहीत आहे.

जावेला मी अक्का म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला बजावलं होतं, "मला अहोजाहो करू नगंस, मला उगंच म्हातारी झाल्यागत वाटतंय." ती चंदगडकडची, डोंगरातली, पावसातली. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी थोरले दीर गेले. मूलबाळ नव्हतं. वाटणी झाली तेव्हा तिच्या वाट्याला ओढ्याकडचा खालचा तुकडा आला. वरच्या उसाचं पाणी पाझरून तिथं साचायचं, ऊस तिथं पिवळा पडायचा. घरानं तिला काय दिलं होतं ते कुणालाही दिसत होतं. अक्का मात्र माहेरी जाऊन घनसाळ या वासाच्या भाताचं बी घेऊन आली आणि त्या चिखलात तिनं भात लावला.

उसाच्या गावात भात! बांधावरून जाता-येता पुरुष थट्टा करायचे.

"वैनी, आता त्यात मासं बी सोडा की!"

"सोडतो की," अक्का वाकल्या वाकल्या म्हणायची. "आदी तुला सोडतो, तू तरंगतोयस का बघू."

भात निसवला, लोंब्या बाहेर पडल्या की संध्याकाळी वाऱ्याबरोबर त्याचा वास आमच्या सोप्यापर्यंत यायचा. दिवाळीनंतर कापणी झाली की ती गल्लीतल्या घराघरात परातभर तांदूळ देऊन यायची. आमच्याही घरी द्यायची, पाहुण्याच्या घरी द्यावेत तसे, पदराखाली झाकून. ती राहायची आमच्याच घरात, मागच्या खोलीत, पण चूल वेगळी. दिराच्या घरात राहून दिराचं खायचं नाही, ही तिची ऐट होती, आणि ती ऐट उभी होती त्या खालच्या तुकड्यावर.

माझं माहेर कागलचं. चार बुकं शिकलेली, आणि कोल्हापुरात मैत्रिणींची घरं बघितलेली. त्या काळात नव्या बंगल्यांत पितळेच्या उंच भांड्यात पाणकणसं उभी करून ठेवायची टूम निघाली होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी गौरीची सजावट सासूबाईंनी माझ्याकडं दिली, तेव्हा मला तेच सुचलं. माहेरी गेले होते, तिथल्या तळ्याच्या काठानं भावाला बरोबर घेऊन कणसं कापून आणली. एसटीत ती उभी धरून बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, भालं घेऊन कुठल्या लढाईला निघालाय?"

गौरीच्या दोन्ही बाजूंना ती कणसं उभी केली. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. अक्कानं दारातूनच डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ही गं कुठली बाजरी?" सगळ्या हसल्या, पण कौतुकही केलं. पुढं कितीतरी दिवस माझ्या सजावटीची चर्चा होती. मला फार बरं वाटलं होतं. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझं काही वाखाणलं होतं.

आमच्या घरची एक रीत होती. गौरीचं निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं नाही. ते शेताच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं ओल असते आणि कुणाचा पाय पडत नाही, तिथं ठेवायचं. म्हणजे अक्काच्या तुकड्याच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात. शेत वाटलं गेलं तरी तो कोपरा गौरीचाच राहिला होता. निर्माल्य न्यायचं ते घरच्या सवाष्णीनं.

त्या वर्षी मी पोटुशी होते. विसर्जनाच्या दिवशी पावसाची झड लागली होती आणि बांध चिखलानं गुळगुळीत झालेला. सासूबाई गणपतीबरोबर बाकीच्यांना घेऊन पुढं गेलेल्या. तेरड्याची रोपं, हार, पत्री, सगळं मी ताटात गोळा केलं आणि वर ती कणसं मोडून ठेवली. कुठं टाकायची, असा प्रश्नही पडला नाही. गौरीपाशी ठेवलेलं म्हणजे निर्माल्य, एवढंच. ताट घेऊन मी मागच्या दारात आले आणि पुढं जायला भ्याले.

"अक्का, एवढं ठेवून येतेस?"

ती दोन पावलं मागं सरकली. "मी? माझा हात कशाला त्याला?"

"काय होतंय गं! असलं कोण मानतं आता? मी पडले म्हणजे?"

तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं, मग ताटाकडं. पदर नीट घेतला, हात धुतले, आणि ताट घेऊन पावसात गेली. मला तेव्हा मी फार सुधारलेली आहे असं वाटलं होतं. ती परत आली तेव्हा ओली चिंब, पण तोंडावर वेगळंच काहीतरी होतं. इतक्या दिवसांनी गौरीच्या कामाला तिचा हात लागला होता. "येवस्थित ठेवलं बघ," ती म्हणाली, "वर झाकून बी आलो."

सासूबाईंना कळलं. त्या ओरडल्या नाहीत. सणापुरती अक्का आमच्या पंगतीला असायची, तिथं जेवताना त्या तिला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या हातनं गेलं व्हय निर्माल्य?" अक्काचा घास हातातच राहिला. मी बोलायला हवं होतं, मीच दिलं म्हणून. मी ताकाचा पेला उचलला.

मुलगी झाली. माझं बाळंतपण, तिचं दुखणंखुपणं यात खाली जाणं झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात अक्का एकदा हाक मारून घेऊन गेली. "हे काय उगवलंय बघ की. ऊस न्हाय, बरू न्हाय. तू शिकलेली हाइस, तुला ठावं आसंल."

त्या कोपऱ्यात उंच, चपटी, हिरवीगार पाती उभी होती. फार नाही, हाताच्या कवेत मावतील एवढी. मी बघितलं आणि ओळखलं. कणीस अजून आलं नव्हतं, पण ओळखलं.

"कुठनं आलं आसंल गं?"

"वाऱ्यानं आलं असेल," मी म्हणाले.

एवढंच. तेव्हा खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? सासूबाईंनी चार दिवस टोमणे मारले असते. बाया हसल्या असत्या, कागलची बाजरी म्हणून नाव पडलं असतं. बस. पण सजावटीचं ते कौतुक मला सोडवत नव्हतं. आणि असलं काहीतरी एकदा गिळलं की पुढच्या वेळी ते आणखी सोपं जातं.

पाणकणीस वरून जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट चिखलात असतं. पांढरी, बोटाएवढी जाड मुळं, आल्यासारखी पेरांची, आडवी धावतात आणि पेरापेराला कोंब काढतात. दोनतीन वर्षांत ते भातात घुसलं. अक्का इळ्यानं कापायची, ते पुन्हा यायचं. उन्हाळ्यात वाळल्यावर पेटवून दिलं, तर पहिल्या पावसात आधीपेक्षा हिरवं होऊन आलं. माझ्या नवऱ्यानं एकदा पंप पाठीला लावून तणनाशक मारलं. पाती करपली, शेजारचा भातही करपला, आणि श्रावणात पाणकणीस तेवढं परत आलं.

मग अक्कानं तिच्या माहेरची युक्ती काढली. बांध उंच करून पाणी कोंडायचं, पाण्याच्या खाली हात घालून बुडातून कापायचं, आणि ते बुडखे आठवडेच्या आठवडे पाण्याखाली ठेवायचे. पाणकणीस नळीतून श्वास घेतं म्हणे, नळी बुडाली की कुजतं. त्या पावसाळ्यात ती रोज कमरेएवढ्या पाण्यात असायची. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, टाचा फुटल्या, रात्री तेल-हळद लावून बसायची. आणि खरोखर, शेताचा मोठा भाग मोकळा झाला. तिनं त्यात पुन्हा भात लावला. मला वाटलं, सुटले मी.

पण कोपऱ्यातला तो पहिला झुबका तसाच उभा होता. उंच, गर्द, कणसांनी लगडलेला. तिथं तिनं हातच लावला नव्हता.

"अक्का, तेवढं का ठेवलंस?" मी बांधावरून विचारलं.

ती कंबर धरून सरळ झाली. "ती गौरीची जागा हाय. तिथं इळा कसा लावू?"

"पण तिथनंच पुन्हा येणार की ते."

"येऊ दे." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला म्हणून सांगतो. त्या साली माझ्या हातनं निर्माल्य गेलं का न्हाय? त्याच जाग्यावर हे उगवलं. दुसरीकडं कुटं आलं? तिला माझा हात चालला न्हाय. आता तिथं इळा लावून आनि काय वडवून घेऊ?"

बांधावर मी उभी होते आणि खाली चिखलात ती. ओरडायचीही गरज नव्हती, साध्या आवाजात बोलले असते तरी ऐकू गेलं असतं. अक्का, गौरीचा काही संबंध नाही, ते मी आणलं, तळ्यातलं तण आहे ते, उपट. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण आता ते नुसतं तणाचं राहिलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःला दोष देत होती आणि मी देऊ दिला होता, हेही त्याबरोबर सांगावं लागलं असतं.

"मुलगी उठली असेल," मी म्हणाले आणि घरी आले.

त्या वर्षी कणसं फुटली आणि कापूस सगळ्या शेतावर पसरला. वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणात, अक्काच्या तांदळाच्या सुपात. ती तो बोटांनी वेचत बसायची. पुढं गौरीच्या दिवसांत ती घरात थांबायचीच नाही. डबा घेऊन रानात जायची, दिवे लागल्यावर मागच्या दारानं यायची. सासूबाईंना ते बरंच वाटायचं. आमच्या सोप्यात झिम्मा चालायचा आणि मी आरतीचं ताट धरून उभी असायची.

भात दरवर्षी कमी होत गेला. परातीचं ताट झालं, ताटाची वाटी. आणि एका वर्षी कुणाच्याच घरी तांदूळ गेले नाहीत. अक्का दुसऱ्यांच्या उसात रोजानं भांगलायला, तण काढायला जाऊ लागली.

त्याच सुमाराला हायवे रुंद होत होता, गावोगाव घरं उठत होती, वीटभट्ट्या वाढल्या होत्या. एक भट्टीवाला मातीसाठी फिरत आमच्याकडं आला. पुरुषभर खोल माती उचलतो म्हणाला, मुळासकट सगळं जाईल, खाली मुरूम लागला की तण कुठलं येतंय. नवरा म्हणाला, तिचं रान, तिनं ठरवावं.

बोलले ती मी. आयुष्यात कधी नव्हे ते घडाघडा बोलले. अक्का, नाहीतरी पीक येत नाही. तुझे पाय बघ. माती गेली तर गेली, ते तरी जाईल. कोपऱ्याचं पाप तुझ्या इळ्याला लागणार नाही, मशीन काढेल. हे शेवटचं वाक्य तिला पटेल, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते बोलले. तिच्या पायांची मला काळजी होती, खोटं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही की तो झुबका मला माझ्या डोळ्यांसमोरून जायला हवा होता.

अक्कानं फुटलेल्या टाचांवरून हात फिरवला. "तू म्हणतीस तर दिऊन टाकू," ती म्हणाली.

उन्हाळ्यात मशीन आलं. काळी, वासाची माती ट्रॅक्टर भरभरून गेली. पांढऱ्या मुळांचे झुबके लोंबत होते, ते ड्रायव्हरनं बाजूला झटकले, काही खाली पडले. अक्का आंब्याखाली बसून बघत होती. तिथून उठून घरी आली ती बोचकं बांधायलाच. तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "असं जातीस व्हय?"

"आता हितं माझं काय हाय?" अक्का म्हणाली. भांडून नाही, साधंच विचारल्यासारखं. मी तिच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घातला. राहा, असं म्हणाले नाही.

पावसाळ्यात खड्डा भरला. राहिलेल्या मुळांना पाणी आवडलं. पुढच्या वर्षी तिथं पाणकणसाशिवाय दुसरं काही नव्हतं.

सासूबाई गेल्या त्या वर्षी, वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून, आमच्याकडं गौर नव्हती. अक्का आजारी आहे असा निरोप होता, म्हणून मी चंदगडला गेले. एसटीतून उतरले तो पाऊस असा की समोरचं दिसेना. तिच्या भावाच्या घरी गौरी आलेल्या, सोप्यात बायांची गर्दी, गाणी चाललेली. अक्का कुठं आहे विचारलं तर भावजय सहज म्हणाली, "त्या मागं परड्यात. गौरीत त्या आत येत न्हाईत की."

परड्यात जनावरांच्या छपराखाली पोत्यावर ती बसली होती. वाळली होती. मला बघून हसली. "आलीस व्हय? भिजलीस की गं."

मी तिच्याजवळ बसले आणि पदर पिळता पिळता सांगायला लागले, कारण तेव्हा थांबले असते तर पुन्हा न सांगताच घरी आले असते.

"अक्का, ते पाणकणीस मी आणलं होतं. कागलच्या तळ्यातनं. सजावटीला. तू बाजरी म्हणालीस ते. निर्माल्याच्या ताटात मीच घातलं होतं. त्यातनं उगवलं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

आत गाणं संपून दुसरं सुरू झालं. तिनं कपाळाला आठ्या घालून ऐकलं, दूरचं ऐकावं तसं.

"म्हंजे माझा हात लागला म्हणून न्हवं?"

"नाही."

"परत सांग."

मी परत सांगितलं. ती रागावेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. मी त्यासाठीच तर आले होते.

"त्येच सांगितलं असतंस तर," ती म्हणाली, "तो कोपरा मी एका सकाळी उपटला असता. तू बी आली असतीस. दोघी लागलो असतो तर न्याहारीपतोर झालं असतं."

"हो."

"एवडंसं तर हुतं की गं ते."

मी तिला म्हणाले, चल आत, गौर बघ. मी सांगते सगळ्यांना. तिनं मान हलवली. "ह्यांस्नी कुणी सांगितलंय, माझा हात वाईट म्हणून? मीच सांगितलंय. आता कुटं उलटं सांगत बसू? लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला." मग गोठ्यात घुसलेल्या कोंबडीला तिनं हाकललं आणि मला म्हणाली, "जा, तू हळदीकुंकू घेऊन ये. सवाष्ण हाइस."

दुसऱ्या दिवशी निघताना मी म्हणाले, पुढच्या वर्षी आपल्याकडं गौरीला ये, तू आण गौर. ती "बघू" म्हणाली. ती आली नाही. मी निरोप पाठवले, एकदा नवऱ्यालाही पाठवलं. त्यानंतर ती फार वर्षं राहिली नाही. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता मी खाली जाते. खड्ड्यातलं पाणकणीस आमच्या उसाच्या चरात शिरतंय, नवरा म्हणतो मजूर लावू. मी नको म्हणते. बुडाशी हात घालून पाण्याखाली कापते, ती कापायची तसं. पायाला चिखल्या होतात. खड्डा झाल्यापासून कोपरा असा राहिला नाही, पण ओढ्याकडची कड मला ओळखू येते, आणि पाण्यात उतरले की पहिल्यांदा मी तिथंच जाते. पहिला इळा तिथं लावते. एक सकाळ पुरत नाही.